बाळंतिणीचं गॅरेज

आमच्या वॉटफर्डच्या घरातले स्मोक अलार्म एकमेकांना जोडलेले आहेत. खाली किचनमध्ये फोडणी जरा करपली की वर बेडरूममध्येही बोंबाबोंब. हे सासूबाईंना माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी बाळाला घेऊन हॉस्पिटलमधून घरी आले आणि त्यांनी गॅसवर कोळसे फुलवून त्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकली. धुरी. बाळंतिणीला आणि बाळाला धुरी द्यायची असते, नाहीतर बाळाची सर्दी आणि बाईची कंबर दोन्ही जन्मभर छळतात. मग काय, घरातलं प्रत्येक छत किंचाळायला लागलं, बाळ किंचाळायला लागलं, मी टाके सांभाळत टॉवेल हलवत होते आणि शेजारची मॉरीन कुत्र्यासकट दारात येऊन "एव्हरीथिंग ऑलराइट, लव्ह?" विचारत होती.

सासूबाई मात्र शांत. "हे बंद करता येत नाही का?"

"नाही आई. कायदा आहे."

"कायदे पुरुषांनी केलेत. त्यांना कुठे बाळंतपण असतं."

कप्पाळ.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरचं. माझी मम्मी यायची होती, तिकीटसुद्धा काढलं होतं, पण तिचा गुडघा ऐन वेळी फिरला आणि ऑपरेशन निघालं. मग नागपूरहून शैलाबाई आल्या, माझ्या सासूबाई. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या. त्यांच्या कॉलनीतली निम्मी बाळं त्यांच्या हातून न्हाऊन निघालीत, हे मला माझ्या नवऱ्याने, क्षितिजने, लग्नाआधीच अभिमानाने सांगितलं होतं. तेव्हा मला ते गोड वाटलं होतं.

मी मूळची तापट. घरी मला लवंगी म्हणायचे, फटाक्यातली. ऑफिसात माझ्या टीमला माझ्या ईमेलच्या पहिल्या ओळीवरून कळतं की आज काय वाढून ठेवलंय. पण सासूबाईंपुढे माझी वाचा बसायची. वाईट वागल्या असत्या तर सोपं गेलं असतं, एकदा कडाडून भांडले असते आणि मोकळी झाले असते. त्या पहाटे उठून माझ्यासाठी अळिवाची खीर करायच्या, माझे पाय चोळायच्या, बाळाचे लंगोट हाताने धुवायच्या, कारण वॉशिंग मशीनमध्ये म्हणे साबण राहतो. अशा बाईवर ओरडायचं कुठल्या तोंडाने? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून मी कानाला स्कार्फ बांधून, पायात दोन मोजे घालून, गार पाण्याकडे बघायचीसुद्धा चोरी, अशी घरात बसून होते. खिडकी उघडायची नाही, वारं लागतं. बाहेर जायचं नाही, दृष्ट लागते. फोन बाळाजवळ न्यायचा नाही, किरणं लागतात. बाळाने रडावं कधी, दूध कधी, झोपावं कुठल्या कुशीवर, सगळं ठरलेलं. मला फक्त एक हवं होतं. माझ्या लेकीबद्दलची एखादी तरी गोष्ट माझ्या शब्दाने व्हावी. एकच. मग बाकीच्या शंभर गोष्टी मी ऐकल्या असत्या.

गॅरेजची कल्पना क्षितिजची. क्षितिजला घरातल्या दोन्ही बायका खूश ठेवायच्या असतात आणि त्यासाठी तो नेहमी ड्रिल काढतो. गॅरेज घराला लागूनच, किचनमधून आत जायला दार, आणि तिथे अलार्म नाही. "आई, तुझं न्हाणीघर तिथे करू," तो म्हणाला, "धुरी कर, शेक दे, काय हवं ते कर." फक्त एक अडचण होती. जानेवारी महिना, खाली उघडं काँक्रीट, समोर पत्र्याचं मोठं दार, वर उचलून उघडायचं. सकाळी त्या पत्र्याला आतून दहिवर साचलेलं असायचं. तिथे बाळाला उघडं करायचं म्हणजे फ्रिजमध्ये अंघोळ घालण्यासारखं.

मग साहेबांनी मनावर घेतलं. आधी पंख्याचा हीटर आणला. त्याच्यासमोर बसलं की एक घोटा भाजायचा आणि दुसरा गारठायचा. मग तेलाचा रेडिएटर आणला, तो ड्रायरबरोबर लावला की अख्ख्या घराची लाइट जायची. मग क्षितिजने यूट्यूबवर कुणातरी दाढीवाल्याचे व्हिडिओ बघून शोध लावला की गरम करण्यात अर्थ नाही, आधी गळती थांबवायला हवी. दोन वीकेंड तो तिथेच. खाली जुनं कार्पेट अंथरलं. पत्र्याच्या दाराला आतून चंदेरी फोमच्या पाट्या स्क्रूने ठोकल्या, इतक्या की दार उघडायचा दांडाही त्यांच्यामागे गाडला गेला. फटींमध्ये स्प्रेचा फोम भरला. दाराखाली जाड रबर चिकटवलं. "आता मुंगी शिरणार नाही," तो म्हणाला. सासूबाईंनी सगळीकडून हात फिरवून पाहिला आणि लेकाच्या पाठीवर थाप मारली. बाज नव्हती, म्हणून बागेतली उन्हात पहुडायची खुर्ची आत आणली, तिला जाळी असते. जाळीखाली शेगडी ठेवली की शेक बरोबर पाठीला.

शेगडी कुठली? आमच्या उन्हाळ्यातल्या बार्बेक्यूची. तीन पायांची, बुटकी, अगदी बाजेखाली बसणारी. कोळशाची अर्धी गोणी शेडमध्ये होतीच.

इथे मात्र मी तोंड उघडलं. "आई, बंद खोलीत कोळसा नाही पेटवायचा. कार्बन मोनॉक्साइड होतो. माणसं मरतात त्याने."

"मी मागच्या अंगणात फुलवते. धूर पूर्ण गेला की मगच आत."

"त्याला धूर नसतो, आई. वासही नसतो."

"धूर नाही, वास नाही," त्या म्हणाल्या, "मग आहे कुठे?" आणि हसल्या, पण प्रेमाने. "अगं, दोन लेकरं याच शेकावर वाढवली मी. एक तुझा नवरा. मेला का तो?"

आता सांगा. नागपूरच्या त्या जुन्या घराला वर कौलं होती, भिंतीत झरोके होते, दाराला फटी होत्या, ते घर चारही बाजूंनी श्वास घ्यायचं. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं ते एवढंच की वाद घालायची ताकद माझ्यात नाही, आणि खरं सांगायचं तर पाठीला शेक हवाहवासा वाटत होता. मी म्हणाले, "ठीक आहे. पण किचनचं दार उघडं राहील. पूर्ण वेळ. एवढं माझं ऐका."

"ऐकलं," त्या म्हणाल्या.

ते दार जड आहे, फायर डोअर, सोडलं की आपोआप मिटतं. गॅरेजच्या बाजूची त्याची मूठ उन्हाळ्यातच निघून आली होती आणि क्षितिज ती "या वीकेंडला" बसवणार होता. तोवर आम्ही दाराला त्याचं डंबेल लावून ठेवायचो. हे मला माहीत, क्षितिजला माहीत. दार कधी मिटतच नसल्यामुळे सासूबाईंना सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पहिल्या दिवसापासून चैन होती, नाकारत नाही. बाळाची मालिश, अंघोळ, मग ओव्याची चिमूटभर धुरी, किचनचा अलार्म जागा होणार नाही एवढीच, मग मी जाळीवर आडवी आणि खालून ऊब. सासूबाई बाळाला पायांवर घेऊन काहीबाही गुणगुणायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "मी आल्यापासून त्या मॉरीनला रोज बघते. कुत्र्याला घेऊन दोनदा फिरायला जाते. तू बाळंतीण म्हणून कोंडलेली. मी काहून?" मी म्हटलं, जा की तुम्हीही. त्या म्हणाल्या, "कोणाशी बोलू? कुत्र्याशी?" मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आम्ही दोघी एकाच खोलीत अडकलोय, फक्त माझी बाहेर पडायची तारीख ठरलेली आहे. तेवढ्यापुरती त्यांच्याबद्दल माया वाटली. मग त्यांनी माझा स्कार्फ आणखी घट्ट बांधला आणि ती माया गेली.

तो मंगळवार. क्षितिज लंडनला ऑफिसात. बाहेर बर्फ नव्हता पण पांढरं दव पडलेलं, गवत कुरकुरीत झालेलं. सासूबाईंनी कोळसे फुलवून आत आणले, रोजच्यापेक्षा जास्त, कारण थंडी जास्त. मी जाळीवर पडले, डोळे मिटले. बाळ त्यांच्या पायांवर. मध्येच बाळ शिंकलं.

मग मला काय आठवतं, तर छान वाटत होतं. हात जड, पाय जड, खूप दिवसांनी अंगभर ऊब. डोकं ठणकत होतं, पण झोप कधी पुरी झाली होती की डोकं ठणकू नये? सासूबाई म्हणाल्या, "बघ कशी गाढ झोपली. धुरी लागू पडली." त्यांचा आवाज जरा लांबून आला. मी म्हणाले, "दूध पाजायची वेळ झाली, उठवा तिला." त्यांनी तळव्याला टिचकी मारली. मग पुन्हा मारली. मग गालाला.

"उठून नाही राहिली," त्या म्हणाल्या.

मी उठून बसले आणि गॅरेज फिरलं. दाराकडे पाहिलं. दार मिटलेलं होतं. डंबेल भिंतीशी सरकवून ठेवलेलं.

"दार?"

"बाळ शिंकलं ना, म्हणून लावलं. वारं येत होतं."

एवढं एकच मागितलं होतं मी. एवढं एकच. पण तेव्हा रागवायलाही पाय धड नव्हते. धडपडत दाराशी गेले. मुठीच्या जागी चौकोनी भोक, त्यात पलीकडच्या मुठीचा दांडा दिसत होता. बोट घालून फिरवायला गेले तर दांडा मागे सरकला आणि पलीकडची मूठ किचनच्या फरशीवर धपकन पडली. तो आवाज मी अजून ऐकते. फोन तिकडे किचनमध्ये चार्जिंगला. मी दारावर खांदा मारला, टाके ओरडले, दार जागचं हललं नाही.

"आई, पाणी. कोळशावर पाणी ओता."

त्यांनी बाळाच्या अंघोळीची अख्खी बादली ओतली. चर्र करून वाफेचा लोट आला, राख उडाली. मी पत्र्याच्या दाराकडे वळले आणि फोमच्या पाट्या ओढायला लागले. क्षितिजने चांगलं काम केलं होतं, मेल्याने, आयुष्यात एकदाच. तुकडे हातात येत होते, स्क्रू जागेवर. दांडा कुठे गाडलाय तेही कळेना. मला ओकारी आली आणि मी गुडघ्यांवर बसले. आणि मला स्पष्ट वाटलं, आता नाही. आपण इथून बाहेर नाही पडत. माझी लेक माझ्यासमोर जाणार, आणि मी तिच्यासाठी एक दारसुद्धा उघडं ठेवू शकले नाही.

सासूबाईंनी बाळाला माझ्या मांडीत टाकलं, निखारे धरायचा चिमटा उचलला आणि जमिनीवर पालथ्या पडून दाराखालचं रबर खरवडायला लागल्या. चिमट्याने निघेना तर नखांनी. रबराचा एक कोपरा सुटला, मग त्यांनी तो दातांनी धरून ओढला. खरंच, दातांनी. हातभर पट्टी फाटून निघाली आणि फटीतून वारं आलं, गार, सुरीसारखं. त्यांनी बाळ माझ्याकडून ओढून घेतलं, तिचं टोपडं काढून फेकलं, दुपटं काढलं आणि तिचं उघडं तोंड त्या फटीला लावलं.

"तू पण. नाक लाव. झोप इथे."

कार्पेट संपतं तिथे, उघड्या काँक्रीटवर मी आडवी झाले. पलीकडे त्या. मध्ये बाळ. गालाखाली बर्फासारखी जमीन, नाकात दव, पेट्रोल आणि ओल्या मातीचा वास. सासूबाई बाळाच्या छातीवर बोटाने चोळत होत्या, "घे, घे वारं, माझी बाई, घे," असं म्हणत होत्या. मी फटीतून हात बाहेर काढायचा प्रयत्न केला, चार बोटं गेली. ती हलवत राहिले आणि हेल्प, हेल्प ओरडत राहिले. आवाज कसला, कुजबुज नुसती.

मग माझ्या बोटांना काहीतरी ओलं लागलं. कुत्र्याचं नाक. मॉरीनचं कुत्रं भुंकायला लागलं, ती त्याला रागवली, मग तिने खाली वाकून पाहिलं असावं, कारण ती "ओ माय गॉड" म्हणाली. मी म्हणाले, "बेबी. गॅस." पुढचं तिला कळलं. फायर ब्रिगेडवाल्यांनी तो पत्रा कसा उघडला ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ते यायच्या आधी माझ्या कानाशी एक बारीक, चिडलेला आवाज झाला. बाळ रडलं. थंडी वाजत होती तिला.

हॉस्पिटलमध्ये तिघींना ऑक्सिजन लावला. बाळाच्या नाकाशी इवलासा मास्क. डॉक्टरने रक्त तपासलं आणि म्हणाला, गॅसची पातळी उतरतेय, रात्रभर लक्ष ठेवू, पण ती ठीक होईल. मी ते सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या दोन बोटांची नखं तुटली होती, ओठ फाटला होता, आणि त्या खुर्चीत शाळेतल्या शिक्षा झालेल्या मुलीसारख्या ताठ बसल्या होत्या. क्षितिज लंडनहून धावत आला, गळ्यात ऑफिसचं आयडी तसंच. आधी बाळाकडे, मग माझ्याकडे, मग आईकडे बघून तो ढसाढसा रडला. त्याचं आवरल्यावर एक नर्स आली. लहान बाळाचं असं काही झालं की तिला विचारावंच लागतं, हे तिने आधीच सांगितलं. कोळसे आत कोणी नेले? मदरला धोका माहीत होता का?

"इट वॉज ॲन ॲक्सिडेंट," क्षितिज पटकन म्हणाला. मग मराठीत, मला, हळूच, "आईचं नाव नको घेऊस. व्हिजिटर व्हिसावर आहे ती. उगाच लफडं होईल."

"मग कोणाचं घेऊ? माझं?"

इकडे आड, तिकडे विहीर. खरं बोलले तर सासूबाईंच्या नावावर काय लिहिलं जाईल कोण जाणे, आणि गप्प बसले तर ही नर्स माझ्याकडे अशी बघत होती की उद्यापासून माझ्या बाळाच्या अंघोळीलाही कुणीतरी वही घेऊन हजर राहील. बाहेर आलो होतो आम्ही, पण मला तर अजून आतच असल्यासारखं वाटत होतं.

"काय विचारून राहिली ती?" सासूबाईंनी मास्क बाजूला करून विचारलं. मी सांगितलं.

"मग सांग ना. मी नेले म्हणावं. ही नको म्हणाली होती. दार उघडं ठेवा म्हणाली होती, ते मी लावलं." क्षितिज काहीतरी बोलायला गेला. "तू मध्ये बोलू नको. आश्लेषा, तू सांग. काही गाळू नको."

मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. ही तक्रार मी कित्येक दिवस मनात घोळवत होते, कधी मम्मीला फोनवर सांगेन म्हणून, कधी क्षितिजला. किती लांबलचक होती मनात. सांगायला गेले तर चार वाक्यांत संपली.

नर्सने लिहून घेतलं. मग फायर ब्रिगेडवाल्यांकडून ऐकलेलं धरून तिने विचारलं, बाळाला फटीपाशी कोणी धरलं? मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. ती त्यांच्यासमोर वाकली आणि मोठ्याने, सावकाश म्हणाली, "यू सेव्ह्ड हर." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही वाचवलंत म्हणतेय."

"वाचवलं म्हणे," त्या म्हणाल्या. "कोंडलं कोणी, ते नाही विचारलं तिने?"

हे मी इंग्रजीत सांगितलं नाही. नर्स गेली.

थोड्या वेळाने बाळ भुकेने पेटलं, चांगलं खणखणीत. मी पाजलं. माझ्या हाताला सुई लावलेली, ढेकर काढायला तिला खांद्यावर घेता येईना, म्हणून मी तिला सासूबाईंच्या दिशेने पुढे केलं. त्यांनी हात पुढे केले नाहीत. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या.

"मला नको देऊ," त्या म्हणाल्या. "क्षितिजला दे. आता तू सांगशील तसं. तू म्हणशील तेच होईल. मी काही बोलणार नाही."

हेच हवं होतं मला. यासाठी किती दिवस तळमळत होते, आणि आता ते समोर आलं तर अंगावर काटा आला. ज्या बाईने अख्ख्या कॉलनीची बाळं न्हाऊमाखू घातली, ती स्वतःच्या नातीला हात लावायला घाबरत होती. मला संताप आला. त्यांचा, क्षितिजचा, त्या मुठीचा, स्वतःचा, सगळ्यांचा एकदम. मी माझ्या जुन्या आवाजात बोलले, ऑफिसातल्या, लवंगीच्या आवाजात, इतक्या मोठ्याने की क्षितिज दचकला.

"मी सांगेन तेच होणार ना? मग हात बाहेर काढा, आई. धरा तिला."

त्यांनी हात बाहेर काढले. ते इतके थरथरत होते की खालून मला माझाही एक हात लावून ठेवावा लागला.